लाथा खालच्या कप्प्यात

रेकॉर्डकीपरांकडे मारामारीची तीनशे बारा पुस्तकं होती आणि त्यांनी आयुष्यात कुणाला साधा धक्काही दिला नव्हता. रांगेत कुणी मध्ये घुसलं, तर ते एक पाऊल मागे सरकून त्याला नीट उभं राहायला जागा करून देत आणि घरी येऊन तिरीमिरीत एखादं नवीन पुस्तक मागवत. कराटे, कुस्ती, ज्युडो, काठी, तलवार, नुसत्या दोन बोटांनी माणूस लोळवण्याची विद्या, सगळं होतं. कचेरीत त्यांना 'ब्लॅकबेल्ट' म्हणत. त्यांना ते कौतुक वाटे.

रविवारी सकाळी बायको चप्पल घालता घालता म्हणाली, "आईला आणायला स्टेशनवर चाललेय. ती आता कायमची इथेच राहणार आहे. मागची खोली रिकामी हवी. अकराला जुन्या पुस्तकांचा माणूस टेम्पो घेऊन येतोय."

"अगं, अकरा वर्षं लागली जमवायला!"

"बरं. या अकरा वर्षांत पुस्तकांचा घराला झालेला एक उपयोग सांगा. एकच सांगा, टेम्पो परत पाठवते."

रेकॉर्डकीपरांनी छताकडे पाहून विचार केला. "बाथरूमची खिडकी आपटायची, तेव्हा तलवारबाजीचं..."

"टेकू देणं उपयोगात धरत नाही," बायको म्हणाली. "खोकी हॉलमध्ये ठेवलीत. भरून ठेवा. आणि मंद गॅसवर दूध आहे, तेवढं बघा."

दार ओढून ती गेली. त्या दाराला आपोआप कुलूप लागत असे.

खरं तर माणसाने आधी दुधाकडे बघावं. पण रेकॉर्डकीपरांच्या डोक्यात एक आशा शिरली होती. खोली इतकी देखणी लावायची की सासूबाईंनी दारातच म्हणावं, राहू दे गं ही पुस्तकं, मी एका बाजूला निजेन. त्यासाठी मांडणीला काहीतरी शिस्त हवी. तीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये काढलेल्या माणसाला लेखकांच्या नावाप्रमाणे किंवा आकाराप्रमाणे पुस्तकं लावणं पोरकट वाटत होतं. मग त्यांना सुचलं, की विषय शरीराचा आहे तर मांडणीही शरीराप्रमाणेच हवी. लाथा सगळ्यांत खालच्या कप्प्यात, कमरेचे डाव त्याच्या वर, छातीच्या उंचीवर ठोसे आणि मान, गळा, डोकं अगदी वर. बघणाऱ्याला पुस्तकांमधून एक माणूस उभा आहे असं वाटायला हवं.

अडचण एकच होती. त्यांच्या संग्रहात लाथांची पुस्तकं वहीएवढी पातळ होती आणि मानेची विटेएवढी जाड. तळमजल्यावरच्या सुताराने कपाट करून दिलं, तेव्हा बजावलं होतं, "साहेब, जड खाली ठेवा." पण सुताराला विषयाची माहिती नाही, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला शेवटचं पुस्तक, गळा आवळण्याचे प्रकार, भाग दुसरा, वरच्या कप्प्यात बसवून ते कौतुकाने एक पाऊल बाजूला झाले. कपाटातला तो पुस्तकांचा माणूस क्षणभर ताठ उभा राहिला. मग पुढे झुकला आणि धाडकन कोसळला.

रेकॉर्डकीपर वाचले, कारण ते बाजूला होते. बंद दार मात्र समोरच होतं. कपाटाची वरची कड दाराच्या मुठीखाली जाऊन बसली, पाय मागच्या भिंतीला भिडले आणि आत उघडणारं ते दार पक्कं अडकलं. वरच्या कप्प्यांतली पुस्तकं गुडघाभर साचली. खिडकीला गज होते. मोबाईल स्वयंपाकघरात होता आणि दूधही तिथेच होतं. रेकॉर्डकीपरांनी कपाट उचलायचा प्रयत्न केला. तीनशे बारा पुस्तकं घरात होती, पण एक कपाट हलवण्याइतकं बळ कुठे होतं? थोड्या वेळाने करपल्याचा वास यायला लागला.

बायको सासूबाईंना घेऊन आली तेव्हा घरात धूर होता. तिने आधी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग मागच्या खोलीच्या दारावर थाप मारली.

"आत आहात?"

"आहे."

"खोकी भरली?"

"कपाट पडलंय. दार उघडत नाही."

मग बायकोने खाली जाऊन सुताराला बोलावून आणलं.

सुताराने फटीतून आत पाहिलं. "साहेब, जड वर ठेवलं होतं का?"

"विषयवार ठेवलं होतं."

सुताराने दाराला खांदा लावून रेटलं, तसं कपाट आणखीनच घट्ट बसलं. "वरून नाही निघायचं," तो म्हणाला, "दाराची खालची फळी प्लायवूडची आहे, ती फोडली की साहेब रांगत बाहेर येतील. पण हत्यारं दुसऱ्या कामावर आहेत. दोन तास लागतील आणायला." एवढं बोलून त्याने फळीला चवड्याने लाथ घातली आणि पुढची दोन मिनिटं एका पायावर नाचला.

"टेम्पोवाला येईलच पंधरा मिनिटांत," बायको म्हणाली. "त्याच्याबरोबर हमाल असतो. तोच फोडेल. तिथूनच पुस्तकंही काढता येतील."

दाराला टेकून बसलेल्या रेकॉर्डकीपरांनी ते ऐकलं. अकरा वर्षं, आणि शेवटी आपल्याला आणि पुस्तकांना एकाच भोकातून, एकाच हमालाने बाहेर ओढायचं! त्यांची नजर समोर गेली. खालचा कप्पा जागच्या जागी होता. लाथांची पुस्तकं पातळ, त्यामुळे त्यातली काही तिथेच चिकटून राहिली होती. हात लांब करून त्यांनी एक ओढलं. पान नऊ, फळी कशी फोडावी.

"थांबा!" ते ओरडले. "चवड्याने नाही, टाचेने मारायची असते! पुस्तकात दिलंय! मी वाचतो, तुम्ही मारा!"

"माझा अंगठा गेला साहेब," सुतार म्हणाला.

"मी मारणार नाही," बायको म्हणाली. "पुस्तकाचा उपयोग झाला असं व्हायला नको."

"वाचा जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या बॅगेवर बसून पाणी पीत होत्या. त्यांनी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती आणि ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवल्याशिवाय त्या आजही हात हलवत नसत. "सावकाश वाचा. डॉक्टर घाईत सांगायचे आणि नाव आमचं खराब व्हायचं."

"आई, बहात्तर वर्षांची आहेस तू!"

"म्हणूनच सावकाश वाचा म्हटलं. हं, जावईबापू."

"डावा पाय जमिनीवर घट्ट."

"डावा घट्ट. पुढे?"

"उजवा गुडघा छातीपर्यंत वर."

"छातीपर्यंत येत नाही. कमरेपर्यंत येतो. चालेल?"

"वय झालेल्यांना कमरेपर्यंत चालेल, असं खाली बारीक अक्षरांत दिलंय," रेकॉर्डकीपर म्हणाले. तसं काहीही दिलेलं नव्हतं.

"कमरेपर्यंत. पुढे?"

"बोटं मागे, टाच पुढे. श्वास सोडत मारायची."

"टाच पुढे, श्वास सोडत. किती वेळा?"

"एकदाच."

"उपाशीपोटी चालतं का?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, आई. आणि शेवटचं, नजर फळीवर नको. फळीच्या पलीकडे हवी."

"पलीकडे तर तुम्ही आहात."

"हो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी लाथ मारली.

फळी मधोमध फुटली आणि तिचा मोठा तुकडा थेट रेकॉर्डकीपरांच्या पाठीत बसला. ते कळवळत रांगत बाहेर आले. अंगभर धूळ, केसांत भुसा, हातात पुस्तक. सुताराने धरलेला पाय सोडून सासूबाईंकडे पाहिलं आणि नमस्कार केला. सासूबाई आपल्या टाचेकडे बघत होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे हातपाय सांभाळले होते. स्वतःच्या पायात असं काही आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा उजळून निघाला होता.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

रेकॉर्डकीपर बायकोकडे बघत राहिले. बायकोने फुटलेली फळी पाहिली, आईला पाहिलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला. शब्दाला मात्र ती पक्की होती. खिडकीत जाऊन तिने टेम्पो परत पाठवला.

रेकॉर्डकीपरांचे डोळे भरून आले. पाठीतही कळ येत होती, पण मुख्य कारण आनंद हेच होतं.

"पुस्तकं माझ्याच खोलीत राहू देत," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी जावयाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, चष्मा लावला आणि पान उलटलं. "एकटीने करायचं एवढंच दिसतंय. पुढच्या धड्यात माणसाला कमरेवरून उचलून टाकायचं आहे. त्याला जोडीदार लागतो म्हणे."

"सुतारदादा...?" रेकॉर्डकीपर म्हणाले.

सुतार लंगडत केव्हाच जिन्यापर्यंत पोहोचला होता.

"मी पेशंट उचललेत शंभर-शंभर किलोचे," सासूबाई म्हणाल्या. "खाली ठेवायची सवय आहे, टाकायची नाही. ती करायला लागेल. रोज सकाळी सहाला बसू या का?"

"बसा की," बायको म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती इतकी मोकळी हसत होती. "हे रिकामेच असतात सहाला. हॉलमध्ये गादी घालून देते मी."

दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर रेकॉर्डकीपर फळीच्या भोकातून पुन्हा आत शिरले आणि ढिगाऱ्यातून ज्युडोची पुस्तकं वेगळी करू लागले. पडताना हाडं न मोडता कसं पडावं, हे प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात दिलेलं होतं. अकरा वर्षं त्यांनी तो धडा प्रत्येक वेळी सोडून दिला होता. सकाळचे सहा वाजायला आता सोळा तास उरले होते. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.