कपिलेच्या औषधाची चिठ्ठी

आपली बी.एस्सी. वाया गेली नाही, असं विमलाचं ठाम मत होतं. दहा महिन्यांच्या शिवाची दुधाची वाटी ती आधी उकळे, मग उन्हात ठेवी. मुलगा अजून धडधाकट आहे तो याच शिस्तीमुळे, याबद्दल तिला शंका नव्हती.

त्यामुळे कपिला गाईची कास सुजली आणि दूध फुटल्यासारखं यायला लागलं, तेव्हा सगळ्यांत आधी हबकली ती विमला. शिवा फक्त कपिलेचंच दूध पी. डब्यातल्या पावडरीचं दूध त्याने एकदाच तोंडात घेतलं होतं आणि लगेच आजोबांच्या धोतरावर परत केलं होतं.

"राजापुरात जा नि गुलाम रसूलच्या दुकानातून कासेत सोडायची ट्यूब आण," सासूबाई, म्हणजे सोनूबाई, म्हणाल्या. "अख्खी वाडी तिथूनच आणते."

"चिठ्ठीशिवाय? आई, कायदा आहे. ट्यूबवर तसं छापलेलं असतं."

"छापलेलं गाय वाचते काय गो?"

विमला शिवाला कडेवर घेऊन एसटीने राजापुरात गेली. गुलाम रसूलने दुखणं ऐकलं आणि ट्यूब समोर ठेवली.

"चिठ्ठी न बघताच देता?"

"वहिनी, गाय आजारी आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग मी अशी घेणार नाही."

हातात आलेलं औषध परत करणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. वहिनींना ऊन लागलं असावं, असं समजून त्याने तिला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं.

तिथून ती गुरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर एरवी पानवाल्याकडे उभ्या उभ्या चिठ्ठ्या लिहून देत. पण समोरची बाई कायद्याचं बोलतेय म्हटल्यावर त्यांनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

"कायद्यानेच जायचं तर मला जनावर तपासायला हवं. न बघता लिहिता येत नाही."

"मग वाडीवर या ना."

"मोटारसायकल गॅरेजात आहे. गाय घेऊन या."

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. पुढे दावं धरून सोनूबाई, मध्ये कपिला, मागे शिवाला घेऊन विमला. कपिलेने आयुष्यात पूल पाहिला नव्हता. अर्जुना नदीच्या पुलावर चार पावलं टाकून ती खाली वाकून बघायला लागली, आणि नंतर विचार करायला म्हणून मधोमध बसली. दोन्हीकडे एसट्या थांबल्या. कंडक्टर खाली उतरला.

"वहिनी, उठवा हिला."

"आजारी आहे हो ती."

"मग डॉक्टरला घरी बोलवायचा."

विमलाने त्याला कायदा समजावून सांगितला. अख्खी एसटी कान देऊन ऐकत होती. शेवटी खिडकीतून एका म्हाताऱ्याने मान बाहेर काढली.

"कास सुजलीय ना? गुलाम रसूलकडे ट्यूब मिळते त्याची."

सोनूबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलंस?"

शेवटी गाय पोचली, तपासली गेली. चिठ्ठी लिहून झाली. गुलाम रसूलने ती लग्नपत्रिकेसारखी दोन्ही हातांनी घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि कालचीच ट्यूब पुढे केली.

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "औषध चालू आहे तोवर आणि नंतरही चार दिवस दूध ओतून टाकायचं. लहान मुलाला तर थेंबही नाही."

ज्या दुधासाठी हा सगळा खटाटोप, तेच विमला रोज माडाच्या बुंध्यात ओतायला लागली. सोनूबाई ओट्यावरून असं बघत, जणू सून मंगळसूत्र विहिरीत टाकतेय.

पण शिवाचं काय? शेजारच्या गोदाकाकूंची गाय दुभती होती. विमलाने भीत भीत त्यांचं दूध आणलं, तीनदा उकळलं, वाटी पुढे केली. शिवाने ती गटागटा संपवली आणि ढेकर दिला. विमलाच्या जिवात जीव आला.

दोन दिवसांनी ती मुद्दाम आभार मानायला गेली. गोदाकाकूंनी शिवाला तिथेच वाटीभर दूध दिलं.

"काकू, तुमची गाय किती निरोगी. म्हणून तर याला दूध मानवलं."

"निरोगी कसली गो? परवापरवापर्यंत कास दगडासारखी होती. तीच ट्यूब सोडतोय, अजून चालू आहे."

विमलाने शिवाच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. "पण मग दूध ओतून टाकायचं असतं ना? डॉक्टरांनी नाही सांगितलं?"

"आम्ही कुठे डॉक्टरकडे गेलो? चिठ्ठीच घेतली नाही, मग ओता म्हणून सांगणार कोण?"

शिवाने रिकामी वाटी आपटली. गोदाकाकूंनी कौतुकाने दुधाची चरवी उचलली.

"बघ कसा पितो. आणखी घालू काय?"