दोन ते तीनची राखीव वाट

आमच्या कॉलेजात इंटरनेटलासुद्धा रांगेत उभं करणारा माणूस म्हणजे मुजावर. कॉम्प्युटर लॅबचे सहायक. एका जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी लिनक्स टाकलं होतं आणि साऱ्या कॉलेजचं नेट त्यातूनच जाई. कुणाला किती वेग द्यायचा, हे त्यातल्या नियमांवर ठरे, म्हणजे मुजावरांवर. स्क्रीनवरचे आकडे भराभर वाढू लागले की ते आकड्यांवरच ओरडत, "ओ पावणं, ढकलाढकली न्हाय! रांगंत या की!"

वाणिज्याचे एक सर मुलीच्या लग्नाचे फोटो कॉलेजच्या नेटवर उतरवून घेत होते. मुजावरांनी त्यांचा वेग इतका आवळला, की फोटो वरून खाली इंचाइंचानं दिसू लागला. सर तक्रार घेऊन आले तर म्हणाले, "जावई कंबरंपातूर आलाय न्हवं? पाय सोमवारी." प्राचार्यांनाही त्यांनी सुनावलं होतं, "खुर्ची मोठी हाय म्हून तार जाड हुत न्हाय, सायेब."

मी तिथं कॉम्प्युटर शिकवते, म्हणून मला त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याजवळ जायची परवानगी होती. "बघा मॅडम, पण हात लावू नगासा."

यंदा प्रवेशाच्या दिवसांत दुपारचे दोन वाजले की नेट रांगू लागे. तीन वाजता आपोआप सुधारे. हुपरीहून आलेली एक मुलगी तीनदा अर्ज भरून शेवटी रडायलाच लागली. प्राचार्य मला म्हणाले, "तुम्ही काय ते बघा. नाहीतर बाहेरचा माणूस बोलावून डबाच बदलतो, आणि मुजावरांना देतो ग्रंथालयात पाठवून."

मी तारा तपासल्या, जोडण्या तपासल्या. सगळं ठीक. मग नियम वाचायला घेतले. दोन ते तीन या वेळेत निम्मा वेग एकाच मशीनसाठी राखून ठेवला होता. मुजावरांच्या मशीनसाठी. राखून ठेवण्यात गैर काही नाही; एरवी तो वापरात नसला की इतरांना उसना मिळतो. इथं तो कुणाला उसना मिळणार नाही, अशी मुद्दाम सोय केलेली होती. आणि त्या तासात त्या मशीनवर काहीच चालू नव्हतं. निम्मं नेट रिकामं पडून होतं.

"मुजावर, हे काय?"

ते ओरडले नाहीत. उठून त्यांनी दार लोटलं.

"धाकट्या भनीसाठी हाय. रेश्मासाठी. चंदगडला दिलती."

रेश्माला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लहानपणी दोघांनी मिळून हाताच्या खुणा तयार केल्या होत्या. "आमच्या आमीच. आई-अब्बांस्नीबी निम्म्या कळायच्या न्हाईत." लग्नानंतर रोज दोन वाजता, सासरची कामं आटोपली की, ती व्हिडिओवर येई.

"गेल्या पावसाळ्यात तिला ताप आलता. कायतरी सांगत हुती. नेमकं पोरांनी लॅबात कायतरी उतरवाय लावलं, आनि चित्र अडकलं. हात असा..." त्यांनी तळहात छातीवर ठेवला. "हितनं तो पुढं कुठं गेला, कळलं न्हाय. परत लागलाच न्हाय फोन. तिसऱ्या दिवशी गेली."

"भूक म्हनत असंल, भ्या वाटतंय म्हनत असंल, न्हायतर कवा येतोस म्हनत असंल. तिन्ही हितनंच सुरू हुतात, मॅडम. माती देऊन आलो आनि ह्यो नियम घातला. आता उपेग न्हाय, म्हाईत हाय मला."

"नियम काढायचा नाही," मी म्हणाले. "तिची जागा राहू दे. रिकामी असेल तेव्हा तेवढी मुलांना उसनी देऊ."

त्यांनी कळफलक पुढ्यात ओढला. मग स्वतःच ती एक ओळ बदलली. बाहेर लॅबमध्ये कुणीतरी ओरडलं, "गेला! अर्ज गेला!"

"'कवा येतोस' हे खुणेनं कसं म्हणायचं?" मी विचारलं.

त्यांनी करून दाखवलं. मी केलं तर मान हलवली. "असं न्हवं. मनगट सैल सोडा." चौथ्यांदा मला ते जमलं.

"आणि त्यावर 'येतो' कसं म्हणायचं?"

त्यांनी हात उचलला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मांडीवर ठेवून दिला.