डस्टरच्या डिस्कवरचा स्पंज

चार अंडी, खोलीच्या तापमानाला आलेली.

स्पंज केक पांढऱ्या कागदी प्लेटवर ठेवावा. क्रीम नको, जॅम नको. वरच्या अंगावर गार करायच्या जाळीचे वळ दिसल्यास स्पंज बाद. (कुराबिन कृषी प्रदर्शन, पाककला विभाग, नियम सहावा.)

‘हा प्रोग्रॅम फुकट आहे. नक्कल करा, वाटा. काही सुधारलंत तर मला कळवा आणि सुधारलेलं पुढच्याला द्या. — क्लेम हार्टिगन.’

बिस्किटांच्या डब्यात नऊ निळ्या फिती. एकीवर चहाचा डाग.

डार्विनहून आलेलं पत्र: ‘डिस्क मिळाली, आभार. आमचा मात्र मधोमध खाली बसला. दार नक्की दहाव्या मिनिटालाच उघडायचं ना?’

हे शेवटचं वाक्य क्लेमने तीनदा वाचलं. त्याच्या प्रोग्रॅममध्ये दार नव्हतं.

१.१

क्लेम हार्टिगन रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाला तेव्हा त्याला एक घड्याळ मिळालं. ते विकून त्याने कॉम्प्युटर घेतला नाही, असं तो शपथेवर सांगे. कॉम्प्युटर मात्र आला. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर तो बसला आणि उरलेल्या अर्ध्या भागावर व्हेल्मा आणि क्लेम कोपरं आवळून जेवू लागले.

दोन वर्षं खपून क्लेमने ‘डस्टर’ लिहिला. दुर्बिणीच्या मागे कॅमेरा लावून काढलेली ताऱ्यांची चित्रं धुरकट येत. डस्टर तशी चार चित्रं एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढायचा. चारही चित्रांत होतं ते खरं, एखाद्याच चित्रात होतं ते झूट. झूट पुसलं जाई आणि काळ्या पडद्यावर एखादी दीर्घिका हळूहळू, वरून खाली, एकेक ओळ करत उतरे. एका चित्राला अकरा मिनिटं लागत. तेवढ्यात चहा होई.

त्या काळी असा प्रोग्रॅम पोस्टाने जायचा. मागणाऱ्याने कोरी डिस्क पाठवायची, परतीचं तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, क्लेमने नक्कल करून परत धाडायची. मधे पुठ्ठा, वर ‘वाकवू नये’. पोस्टमन मात्र ती नेमाने वाकवून दारात सरकवायचा. क्लेमला बदल्यात काही नको होतं. फक्त कुणीतरी लिहावं, ‘तुमच्या डस्टरमधून मला हे दिसलं’, आणि सोबत एक चित्र असावं. एवढीच हाव.

डार्विनच्या पत्रानंतर त्याने आपलीच डिस्क ड्राइव्हमध्ये सरकवली आणि फाइलींची यादी मागवली. डस्टर. वाचा, ही सूचनांची. आणि तिसरी: स्पंज.

“वेल,” त्याने स्वयंपाकघराकडे हाक दिली, “माझ्या डिस्कवर तू काही ठेवलंस का गं?”

“मी कशाला ठेवू?”

“तुझा स्पंज आहे इथे. अख्खा. अंड्यांपासून ओव्हनपर्यंत.”

व्हेल्मा बटाटे सोलत होती. सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली.

“मागे एकदा टाइप केला होता. बायकांच्या मंडळाच्या पुस्तकात द्यायला. मग नाही दिला. कोरी डिस्क वाटली असेल मला.”

नऊ वर्षं कुराबिनच्या प्रदर्शनात स्पंजची पहिल्या नंबराची निळी फीत व्हेल्माची होती, आणि नऊ वर्षं तिने ती कृती सख्ख्या बहिणीलाही दिली नव्हती. यंदा दहावं वर्ष. दहा झाल्या की काचेच्या कपाटात नावाची पाटी लागते.

“अगं, मी चाळीस जणांना पाठवली ही डिस्क! आणि त्यांनी पुढे. मीच लिहिलंय ना, वाटा म्हणून!”

“नोएल टकवेलला दिलीस?”

“त्याला तर सगळ्यांच्या आधी. आमच्या दुर्बीणवाल्यांच्या क्लबचा खजिनदार आहे तो.”

“अस्सं,” व्हेल्मा म्हणाली.

नोएलची बायको ग्लेनिस. नऊ वर्षं दुसरी. लाल फिती ठेवायला तिच्याकडेही एक डबा होता म्हणतात, पण तो कुणी पाहिला नव्हता.

“मी सगळ्यांना पत्र टाकतो. ती फाइल पुसा म्हणून.”

“नको.”

“अगं, पण—”

“तू पुसा म्हटलंस की ज्यांनी वाचली नाही तेही वाचतील. राहू दे आहे तशी.”

केवढं मोठं मन बाईचं, असं क्लेमला वाटलं. त्या रात्री त्याने भांडी घासली.

१.२

मग पत्रं सुरू झाली. हिवाळाभर येत राहिली.

टाउन्सव्हिलच्या एका दातांच्या डॉक्टरने लिहिलं: ‘तुमच्याच पद्धतीने चार स्पंज केले, अगदी एकसारखे, आणि सरासरी काढली. सरासरी बसलेलीच आहे.’ होबार्टच्या दोघा भावांनी एकाच वेळी दोन ओव्हन लावले, एकाचं दार उघडलं, एकाचं नाही. पण कुठला कुठला ते लिहून ठेवायला विसरले. न्यूझीलंडहून एका निवृत्त दीपगृहवाल्याने विचारलं, ‘कृती दक्षिण गोलार्धासाठीच आहे ना?’

“बघ, कसले लोक आहेत,” क्लेम पत्र फडकवत म्हणाला. “दोन वर्षं मी खपलो, आणि विचारतायत काय तर कॉर्नफ्लोअर किती वेळा चाळायचं!”

“तीन वेळा,” व्हेल्मा विणकामातून मान वर न करता म्हणाली. “लिहिलंय मी.”

“ते बरोबर लिहिलंस. पण ते दाराचं काय? सगळ्यांचा बसतोय.”

“हाताला सवय लागते रे. एकदम थोडाच जमतो.”

गावात नोएल भेटला की क्लेम नजर चुकवायचा. बसके स्पंज खाऊन नोएल जाड होत चालला होता, आणि त्यांचा कुत्रा तर नुसता पिंप झाला होता. दर रविवारी दुपारी टकवेलांच्या घरातून ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ ग्लेनिसचा शब्द, जो प्रार्थनेहून आलेल्या बाईच्या तोंडी शोभत नसे. तिनेही तीस वर्षं स्पंज केले होते. दार उघडू नये हे तिला कळत नव्हतं थोडंच! पण हार्टिगनबाई नऊ वर्षं जिंकते ती याच उलट्या युक्तीने, अशी तिची खात्री पटली होती. गुपित म्हटलं की ते उलटंच असणार.

ऑगस्टमध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून जाड पाकीट आलं. हवामान खात्यातल्या कॅथ ओडे नावाच्या बाईचं. आत एक आलेख, आणि एक डिस्क.

‘ओव्हनमध्ये तापमापी लावून अठरा स्पंज केले. दहाव्या मिनिटाला दार उघडलं की तापमान चाळीस अंशांनी पडतं आणि कच्चे फुगे फुटतात. बाकी कृती उत्तम आहे, एवढी चांगली मी पाहिली नाही. तेव्हा दार बावीस मिनिटं बंद ठेवा. बाहेर काढल्यावर टिन गुडघ्याएवढ्या उंचीवरून एकदा जमिनीवर टाका, म्हणजे आत कोंडलेली वाफ निघून जाते. चित्र सोबत आहे. डस्टरमधून काढलंय.’

क्लेमने डिस्क घातली. अकरा मिनिटं. वरून खाली, एकेक ओळ. काळ्या आकाशात एक गोल, फुगीर, तेजस्वी आकृती उतरली. कडा अशी स्वच्छ की शनीचीही त्याला कधी मिळाली नव्हती.

स्पंज होता.

मग त्याच्या लक्षात आलं की प्रोग्रॅम वाटायला लागल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी नियम पाळला होता. सुधारलं, कळवलं, चित्र पाठवलं. आता पुढच्याला देणं त्याच्याकडे लागलं. आणि व्हेल्मा बिचारी! टाइप करताना चुकली, आणि देशभर तिच्या नावावर बसके स्पंज निघतायत. तिला सांगायलाच नको. परस्पर नीट करू.

१.३

ही आवृत्ती सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी स्काउटांच्या हॉलमध्ये क्लबच्या सभेत वाटली गेली. पहिली डिस्क खजिनदाराला.

१.४ निघाली नाही

ऑक्टोबर. गव्हाला ओंब्या आल्या होत्या. प्रदर्शनाच्या पत्र्याच्या मांडवात एकीकडे मेंढ्या, एकीकडे लोकरीचे गठ्ठे, आणि मधल्या लांब टेबलावर स्पंज. एरवी पाच यायचे. यंदा अकरा होते, त्यांतले चार दाढीवाल्या पुरुषांचे.

परीक्षक बाई शेजारच्या तालुक्यातल्या होत्या. त्यांनी प्रत्येक स्पंजवर बोट दाबलं, कापला, नाकाशी नेला, आणि चष्मा पुसला.

“नवल आहे,” त्या म्हणाल्या. “यंदा सगळ्या लेकरांची आई एकच दिसते.”

व्हेल्मा ग्लेनिसच्या प्लेटकडे पाहत होती. मधोमध खड्डा असायला हवा होता. खड्डा नव्हता. उंच, सपाट, सोनेरी, एक वळ नाही की भेग नाही.

निळी फीत ग्लेनिसला मिळाली. लाल व्हेल्माला. तिसरी एका दाढीवाल्याला, आणि तो रडला.

ग्लेनिस सरळ व्हेल्माकडे आली. तिचे डोळेही भरले होते. “तुझ्यापाशी कबूल करते गं, कृती तुझीच. एप्रिलपासून दर रविवारी माझा बसायचा. रडायची मी. नोएल म्हणायचा, सोड नाद. मग तुझ्या क्लेमने दुसरी डिस्क दिली म्हणून, नाहीतर कुठली फीत!”

“दुसरी डिस्क?”

क्लेम मागेच उभा होता, बोलायला आतुर. “तुझी चूक सुधारली मी, वेल. तुला धक्का द्यायचा म्हणून गप्प बसलो.”

“कुठली चूक?”

“दाराची! दहाव्या मिनिटाला उघडा असं पडलं होतं तुझ्या हातून. अगं, स्पंज आत असला की तू मला स्वयंपाकघरात खोकूही देत नाहीस. हे माझ्या ध्यानात आधीच यायला हवं होतं.”

व्हेल्माने तोंड उघडलं. ग्लेनिस बघत होती. परीक्षक बाई बघत होत्या. दाढीवाला नाक शिंकरायचा थांबला होता.

“बरं केलंस,” व्हेल्मा म्हणाली.

घरी जाताना गाडीत ती मांडीवर लाल फीत घेऊन बसली. धान्याचं कोठार मागे पडल्यावर म्हणाली, “निदान माझं नाव तरी घातलंस का त्यात?”

“म्हणजे काय! पहिल्याच ओळीत. ‘मूळ कृती: व्हेल्मा हार्टिगन. दुरुस्त्या: पुष्कळ.’”

ती हसायला लागली. थांबेचना. क्लेमला वाटलं, हार मनाला लागली. त्याने गाडी कडेला घेतली आणि तिचा हात हातात धरून बसला. त्या वेळी त्याने काहीच विचारलं नाही, आणि नंतरही नाही.

आता त्या डिस्का वाचणारं यंत्र कुराबिनमध्ये कुणाकडे नाही. डस्टरची शेवटची प्रत टकवेलांच्या शेडमध्ये आहे, टेबलाच्या लंगड्या पायाखाली. पण प्रदर्शनाच्या पाककृतींच्या पुस्तकात पान एकतीसवर ‘डस्टर स्पंज’ आहे. नव्या मुली विचारतात, डस्टर कशाला? कुणालाच सांगता येत नाही. त्या टिन जमिनीवर टाकतात तेव्हा सगळ्या गल्लीत एक धप्प आवाज होतो, आणि म्हातारी माणसं तेवढ्यापुरती वर आकाशाकडे बघतात.

स्पंजच्या पहिल्या फाइलवर १४ मार्च १९९०, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं अशी नोंद आहे. तो कॉम्प्युटर सुरू करताना तारीख आणि वेळ हाताने घालावी लागे. त्या दुपारी क्लेम हॉर्शमला दात काढून घ्यायला गेला होता, आणि त्या डिस्कवर त्याने आधीच लाल शाईत लिहिलं होतं: ‘डस्टर, वाटपाची मूळ प्रत. हात लावू नये.’