सासऱ्यांच्या पिकअपचा टवका

चूक एवढीच झाली, की मी टेम्पो सांगितला नाही. बहिणीकडून एक जुनं कपाट आणायचं होतं. भाडं कशाला द्यायचं, सासऱ्यांची पिकअप आहे की, असं मीच म्हणालो. सासरे त्या पिकअपची किल्ली कुणाला देत नाहीत. या वेळी दिली ती बायकोच्या शब्दावर. "बाबा, ह्यांच्या हातून काही होणार नाही," असं तिने छातीठोकपणे सांगितलं. (लग्नाआधी सासरे माझ्याबद्दल हेच म्हणायचे, फक्त वेगळ्या सुरात.)

कपाट सुखरूप आलं. ते उतरवून गाडी फाटकातून आत घेताना मात्र 'कर्र' असा आवाज झाला. उतरून पाहतो तर दाराला चिकटलेल्या चिखलाचा पोपडा खाली पडलेला आणि त्या जागी पोस्टाच्या तिकिटाएवढा रंगाचा टवका उडालेला. संध्याकाळी सासरे गाडी न्यायला येणार होते. बायकोचा शब्द जाणार, आणि तो गेल्याचं ती मला जन्मभर ऐकवणार. मी कंबर कसली. कुणाला काही कळायच्या आत टवका नाहीसा करायचा.

रंगाच्या दुकानात जाऊन पांढरा रंग मागितला. दुकानदाराने कोणता पांढरा, असं विचारून शेड कार्ड पुढे सरकवलं. पांढऱ्याचे इतके प्रकार असतात हे मला ठाऊक नव्हतं (माझ्या बनियनचे दोनच, नवा आणि नेहमीचा). त्याने गाडीच्या दाराच्या आत लिहिलेला कंपनीचा कोड आणायला सांगितला. मी धावत जाऊन तो आणला आणि त्याने यंत्रावर रंग काढून डबी हातात दिली.

घरी येऊन पॉलिश पेपरने घासलं, प्रायमर लावला, वाळू दिला आणि श्वास रोखून ब्रश फिरवला. ठिगळ झालं पांढरंशुभ्र, आणि बाकीची गाडी भलत्याच रंगाची. कंपनीने कोड चुकीचा छापला होता, यात मला शंकाच उरली नाही. असल्या बेफिकीर लोकांच्या भरवशावर मी बसणार नव्हतो. माळ्यावरून उरलेसुरले डबे काढले. भिंतीचा पिवळा, खिडक्यांचा तपकिरी, फाटकाचा काळा. थेंब टाकायचा, ढवळायचं, लावायचं, लांब जाऊन डोळे बारीक करून बघायचं, पुसायचं आणि पुन्हा लावायचं. शेजारच्या काकूंनी काय चाललंय विचारलं, तर ऑइल बघतोय म्हणालो (दारावर). जेवण गार झालं, पाठ मोडून आली, पण मी हटलो नाही. शेवटी रंग असा जुळला, की टवका कुठे होता ते मलाच सापडेना. टायरमध्ये हवा बघ, असं सांगून बायकोला गाडीभोवती फिरवलं. तिला टायरशिवाय काही दिसलं नाही.

त्या आनंदात मी आंघोळीला गेलो. गाणं म्हणत बाहेर आलो, तर अंगणातही पाण्याचा आवाज. दुसऱ्याची वस्तू धुऊन परत द्यावी, असं बायकोला वाटतं. सगळी धूळ वाहून गेली होती आणि पिकअप दुधासारखी पांढरी दिसत होती, अगदी कंपनीच्या कोडाप्रमाणे. दारावर मात्र चहा सांडल्यासारखा डाग. बायको तो घासणीने घासत होती.

"अहो, एवढा डाग काही केल्या निघत नाहीये. जरा जोर लावता का?"

मी जोर लावला. दुसरं काय करणार?

तेवढ्यात सासरे आले आणि त्यांच्यामागून सासूबाई. गाडी बघून सासऱ्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना गाडीमागे नेलं आणि टवका माझ्या हातून उडाला, असं कबूल करून टाकलं.

"तो तुमचा नाही, जावईबापू," सासरे पुटपुटले. "माझा आहे. मागच्या वर्षीचा. हिला दिसू नये म्हणून तेव्हापासून गाडीला पाणी लावलं नाही."

मला त्यांची दयाच आली. सासरे आणि जावई यांचं इतकं जमण्याचा प्रसंग पुन्हा येणार नव्हता. मी छाती पुढे काढून सासूबाईंसमोर उभा राहिलो.

"आई, टवका मी काढला," मी म्हणालो.

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डागाकडे.

"टवका ह्यांचा आहे, ते मला वर्षभर माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी विचारतेय, त्यावर हा घाणेरडा रंग कोणी फासला?"

मी आशेने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचं बोट केव्हाच माझ्याकडे वळलेलं होतं.