अकरा महिन्यांचे इस्माईलचाचा

कर्जतच्या आमच्या घरातील मागच्या खोलीचे भाडेकरू इस्माईलचाचा दर अकरा महिन्यांनी एक दिवस बेघर होतात. स्वखुशीने आणि वाजतगाजत. सूर्योदयाला त्यांची खाट, ट्रंक, स्टोव्ह आणि कोंबड्यांचे खुराडे अंगणातल्या चिंचेखाली येते, खोलीला कुलूप लागते आणि किल्ली दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन होते. मावळतीला नव्या करारावर सही करून सारा संसार पुन्हा आत जातो.

"करारात खंड पडला पायजे, मास्तर," ते बजावतात. "नायतर भाडेकरूचा जावई होतो."

चाचांनी उमेदीची सारी वर्षे मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात काढली. जहाज बंदराला लागले की बाकीचे खलाशी बाजारात जात. चाचा घरे पाहत हिंडत. घर कोणाचे, जमीन कोणाची आणि कर कोण भरतो, एवढेच त्यांनी देशोदेशी विचारले. त्यामुळे लंडनचा राजवाडा त्यांना ठाऊक नाही. परंतु तेथील घरपट्टी बहुधा मालक नव्हे, राहणारा भरतो, हे पक्के ठाऊक आहे. याच न्यायाने एके वर्षी ते माझे बिल घेऊन घरपट्टीच्या रांगेत उभे राहिले.

"तुमी मालक काय?" खिडकीतल्या बाईंनी विचारले.

"नाय. लंडनच्या हिशेबानं राहणारा."

"मग लंडनला जाऊन भरा ना!"

'मुदत' हा त्यांचा लाडका शब्द. शेजारच्या लग्नात नवरदेवाच्या हाती पाकीट देताना त्यांनी त्याच्या कानाशी लागून विचारले, "मुदत किती?" नवरीने ते ऐकले. "बघू चाचा, आधी अकरा महिने," ती म्हणाली. तेव्हापासून त्या मुलीविषयी त्यांना विलक्षण आदर आहे.

खालापूरकडे बंगल्यांचे प्लॉट विकणारा एक तरुण दलाल एकदा आमच्या ओट्यावर बसून 'कायमस्वरूपी मालकी' असे शब्द बोलला आणि पस्तावला.

"कायम म्हंजे किती रं?" चाचा सरसावले. "सिंगापुरात सरकारी फ्लॅट नव्व्याण्णव वर्षं. चीनमध्ये घराखालची जमीन सत्तर वर्षं. विलायतेत नऊशे नव्व्याण्णव वर्षांचे पण करार हायत. तू आकडा बोल!"

"चाचा, कायम म्हणजे... कायम."

"आन् तू सोता किती वर्षं राहणार?"

दलालाने पाणी मागितले.

हे सारे मी वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो. खंडाच्या दिवशी मुद्दाम पाहुणे बोलावीत असे. चिंचेखालच्या खाटेवर चाचांचा दरबार भरे, गल्ली चहा पुरवी आणि मी, घरमालक, मनमुराद हसे. असा खंड कायद्याला लागत नाही, हे मला एका वकिलाने कधीच सांगितले होते. मी ते चाचांना सांगितले नाही. करमणूक कोण बंद करील?

यंदा खंडाच्या दिवशी चाचांना सणसणून ताप होता. सकाळी मी मागे गेलो, तर ते ट्रंक उंबऱ्याबाहेर ओढत होते आणि दर दोन पावलांनी भिंतीला टेकत होते.

"चाचा, पुरे करा! कायद्याला खंड लागत नाही."

"कायद्याला नसंल लागत," ते धापा टाकत म्हणाले. "तुमाला लागतो. पयल्या वर्षी तुमीच बोल्लात, एक दिवस खोली रिकामी दिसली म्हंजे मला झोप लागंल."

मी तसे म्हणालो होतो, आणि साफ विसरलो होतो. ज्याला मी त्यांचे वेड म्हणून जगाला दाखवीत होतो, ती माझी भीती होती. त्यांनी ती माझ्या वतीने, हसतमुखाने सांभाळली होती.

त्यांना खाटेवर निजवून मी ट्रंक आत लोटू लागलो, तोच तिचे झाकण उघडले. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी पाटी होती. तिच्यावर त्यांचे एकट्याचे नाव.

"आल्या आल्या शिळफाट्याला करून घेतली," चाचा ओशाळून म्हणाले. "दुनियेची दारं वाचत फिरलो. म्हटलं, एका दारावर आपलं बी नाव वाचावं. तेवढ्यात तुमी खंडाचं काढलंत. म्हटलं, पाटी बघून मास्तर घाबरतील."

मी हातोडी आणली. मला खिळे ठोकण्याचा सराव नाही. पहिला वाकला, दुसऱ्याच्या जागी अंगठा सापडला.

"दार तुमचं, अंगठा बी तुमचाच, मास्तर! जपून!" तापातही चाचा खाटेवरून खदखदून हसत होते.

अखेर पाटी लागली. मात्र डावीकडे चांगलीच झुकलेली. ती सरळ करायला मी हात उचलला.

"राहू द्या," चाचा म्हणाले. "उद्या मी करीन. उद्या मी हाय ना."