तिसऱ्या ठोक्यावरची टाळी

यंत्रमाग कामगारांच्या 'धोटा' या बँडनं आपलं 'दुसरा भोंगा' हे गाणं पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका कंपनीला विकलं, आणि नियमाप्रमाणे ते चाहत्यांच्या डोक्यांतून काढून घेण्यासाठी इचलकरंजीत विणकर समाजाच्या मंगल कार्यालयात तीन दिवसांचं शिबिर भरलं. वेळ सकाळी दहा ते पाच, मध्ये जेवणाची सुट्टी. ओळखपत्राची झेरॉक्स आणावी आणि उपाशीपोटी येऊ नये, असं पत्रकात छापलं होतं.

नियम काही नवा नव्हता. म्हैस विकली की ती आपल्या गोठ्यात राहत नाही. गाणं विकल्यावर ते तरी आपल्या डोक्यात का राहावं? शिवाय कंपनीला नवंकोरं गाणं हवं होतं. गावात एका जरी माणसाला ते आधीपासून येत असलं, तर त्याला नवं कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हणून करारात सातवं कलम होतं: एकाही चाहत्याकडे गाणं उरलं तर सौदा रद्द. चाहते मंडळाच्या वहीत चारशे बारा नावं होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारशे अकरा जणांनी गाणं जमा केलं. राहिली एकटी शोभना म्हेतर.

शोभना सेहेचाळीस वर्षांची. दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर ती बसायची आणि गाव तिला अक्का म्हणायचं. खिडकीवरच्या बाईला नियमाचं वावडं नसतं, उलट रांग मोडणाऱ्याला ती सरळ मागं धाडते. त्यामुळे ती मुद्दाम अडून बसली आहे असं कुणाला वाटलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे शिबिरापर्यंत ठाऊक होतं. गाणं जमा केल्यावर त्यांच्याकडून ते कारणही गेलं.

कारण म्हणजे तिचा धाकटा भाऊ रमाकांत, रमू. सोळाव्या वर्षी तो मागावर उभा राहिला. बारा तासांची पाळी, डोक्यावर चाळीस मागांचा खडखडाट. तिशी गाठेपर्यंत त्याचे कान अर्धेअधिक गेले. पण 'धोटा'चा कार्यक्रम त्यानं कधी चुकवला नाही. स्पीकरला तळहात लावून तो अगदी पुढं उभा राहायचा.

कारखान्याचा पहिला भोंगा पाळी सुरू झाल्याचा, दुसरा सुटल्याचा. त्या गाण्यात एक जागा होती. गायक अभय हुपरे म्हणायचा, 'पहिला भोंगा पोटासाठी, दुसरा भोंगा कुणासाठी?' आणि सगळी वाद्यं थांबायची. तीन ठोके रिकामे जायचे. ड्रमवाला दत्ता ते ठोके काठ्यांनी नुसतेच हवेत मोजायचा. चौथ्या ठोक्याला सगळ्यांनी टाळी द्यायची, की गाणं पुन्हा सुरू. रमूला ऐकू येत नव्हतं, तो बघायचा. एकदा दत्ताची काठी तिसऱ्या ठोक्याला जरा जास्त वर गेली, आणि भरल्या नाट्यगृहात रमूची एकट्याची टाळी वाजली. लोक हसले. ते हसणं काही त्याला ऐकू आलं नाही. अक्कानं टाळी दिली का, हे बघायला तो मोठ्या ऐटीत मागं वळला. भाऊ उघडा पडू नये म्हणून शोभनानं घाईघाईनं टाळी दिली. तिचं बघून शेजारच्यांनी दिली.

पुढच्या कार्यक्रमाला चारशे जणांची टाळी तिसऱ्या ठोक्यावर पडली, आणि तीच रीत झाली. चौथ्यावर टाळी देणारा परगावचा, हे लगेच कळायचं. नऊ वर्षांपूर्वी काविळीनं आठ दिवसांत रमूला नेलं, तरी टाळी तिसऱ्यावरच राहिली.

आता गाणं डोक्यातून निघतं तेव्हा एकटं निघत नाही. रोप उपटलं की मुळाची माती येते, तसं त्याला चिकटलेलं सगळं बरोबर येतं. हे पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं. लोक मागची बाजू वाचत नाहीत. शोभनानं वाचली होती.

शिबिराच्या आधी बापू चौगुल्यांच्या किराणा दुकानावरच्या माडीवर मंडळाची सभा झाली होती. बापू अध्यक्ष. ते उभे राहूनच बोलले.

"विकले गेले. बावीस वर्षं आपण यांना डोक्यावर घेऊन नाचलो, आणि हे जाऊन टाक्यांवर बसले. भोंग्याचं गाणं होतं ते. आपल्या बापजाद्यांचं गाणं होतं."

शब्बीर मुजावर मंडळाचा सचिव. टेलरिंगचं काम करणारा, शांत माणूस. तो म्हणाला, "बापू, तुमच्या दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव मोठं आहे? तुमचं, का बिस्किटवाल्याचं?"

"दुकानाचं वेगळं. माझं दुकान बघून कुणी रडत नाही."

"त्या पोरांनाही पोटं आहेत की."

"पोट कुणाला नाही? पण पोटासाठी पहिला भोंगा होता रे. दुसरा आपला होता."

बापू बडबडे होते, पण हे त्यांचं बोलणं खरं होतं, आणि शोभनाच्या काळजाला ते लागलं. जीव गेला तरी गाणं द्यायचं नाही, असा ठराव एकमतानं झाला. सूचक बापू, अनुमोदक शब्बीर.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला टोकन नंबर एक बापूंचं होतं. "नंतर गर्दी होते," एवढंच ते शोभनाला म्हणाले, तेही तिच्याकडे न बघता. बोलायचं एक आणि करायचं एक, ही आपल्याकडची जुनीच चाल. बापूंना एकट्याला कशाला नावं ठेवायची? पंधरा मिनिटांनी ते हात चोळत बाहेर आले आणि शब्बीरला म्हणाले, "चल, चहा घेऊ." इतके प्रसन्न ते कैक वर्षांत दिसले नव्हते.

तिसऱ्या दिवशी शोभना रजा टाकून आली आणि मंगल कार्यालयाच्या बाकावर बसून राहिली. शेजारी अभय येऊन बसला. शेवटच्या चाहत्यानंतर बँडनंही गाणं जमा करायचं होतं. अभय एका कारखान्यात जॉबर होता, बिघडलेले माग जुळवायचा. त्याच्या नखांत अजून ऑइल होतं.

"अक्का, नको वाटत असलं तर नको देऊस. मी आत जाऊन सांगतो, सौदा मोडला म्हणून."

"एवढी कसली घाई झाली होती रे विकायची?"

अभयनं नखातलं ऑइल कोरलं. मग म्हणाला, "दत्ताचे कान."

"काय झालं त्याच्या कानांना?"

"डावा गेलाच आहे. डॉक्टर म्हणाले, मागावर आणखी दोन वर्षं काढलीस तर स्वतःचा ड्रम ऐकू यायचा नाही. कंपनी त्याला गावाबाहेरच्या गोदामावर कायमची नोकरी देणार आहे. तेवढंच मागितलं आम्ही."

"तिथं आवाज नसतो?"

"रिकाम्या टाक्या आहेत, अक्का. त्या कशाला आवाज करतील?"

"मग सभेत येऊन का नाही सांगितलंस? लोक विकाऊ म्हणाले तुम्हाला."

"विकाऊ म्हटलं ते सोसलं. बहिरा म्हटलं असतं तर दत्तानं त्याच दिवशी काठ्या टाकल्या असत्या."

शोभनाला राग आला. कुणाचा, हे तिला धड कळेना. दत्ताचा, कंपनीचा, की रमू मागावर बहिरा होत असताना ज्यांना ज्यांना दिसत होतं आणि जे काही बोलले नाहीत त्यांचा. त्यांत ती स्वतःही होती. तिला आठवलं, रमूला हाक मारताना ती वर्षावर्षाला जरा मोठ्यानं ओरडत गेली होती आणि त्याबद्दल तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"माझ्या भावाला कुणी गोदाम दिलं नाही," ती म्हणाली. मग तिनं पदर नीट केला आणि ती आत गेली.

आत मांडलेल्या दहा टेबलांपैकी नऊ आवरून झाली होती, दहाव्याशी पेडणेकर मॅडम होत्या. रत्नागिरीकडच्या, नीटनेटक्या, चष्मा साखळीला अडकवलेला. समोर पितळी कर्णा, त्याच्या मागं काळी पेटी. कर्ण्यात गाणं एकदा अथपासून इतिपर्यंत म्हणायचं. जी ओळ म्हणून झाली ती गेली, अशी पद्धत होती.

"गाण्याला काय काय चिकटलंय?" मॅडमनी फॉर्म पुढं ओढला.

"भाऊ."

"किती?"

"म्हणजे?"

"गाण्याशिवाय आठवून बघा. चालायचा कसा?"

शोभनानं डोळे मिटले. रमू चालत आला, पण मागून गाणं आलं.

"आवाज?"

तोही गाण्यातूनच आला.

"जेवायला बसल्यावर?"

"ताटाच्या कडेवर बोटानं ठेका धरायचा."

"कसला?"

"ह्याच गाण्याचा."

मॅडमनी 'बहुतेक सर्व' असं लिहिलं. लिहिताना त्यांचा हात जरा थांबला. "माफ करा, ताई. विचारावं लागतं."

"माझ्याकडे काय राहील?"

"नाव. जन्मतारीख. मृत्यूचा दाखला. भिंतीवर फोटो आहे ना? तो राहील. कागदावरचं आम्ही घेत नाही."

शोभना रोज शंभर माणसांचं नाव आणि वय कागदावर लिहायची. कागदावर माणूस किती उरतो ते तिला चांगलं माहीत होतं. तरी तिनं कर्णा जवळ ओढला.

पहिलं कडवं म्हणताना रमूची सायकल गेली, आणि कॅरिअरवर बसून त्याच्या पाठीला टेकलेली ती स्वतः गेली. दुसऱ्या कडव्याबरोबर ताटावरचा ठेका गेला. शेवटच्या आजारात तो तिच्या तोंडाकडे बघून तिचं बोलणं ओळखायचा, ते गेलं. तिला रडू येत होतं, पण प्रत्येक ओळीबरोबर रडायचं कारण थोडं कमी होत होतं, आणि हे तिला सगळ्यात वाईट वाटलं. मग ती म्हणाली, 'दुसरा भोंगा कुणासाठी?' आणि थांबली. तिसऱ्या ठोक्याला तिचे हात आपसूक वाजले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कराराचं पान उलटलं. "टाळी चौथ्यावर आहे. तुमची तिसऱ्यावर पडली."

"ती तिथंच पडते."

"चारशे अकरा जणांची तिथंच पडली. गाणं संपल्यावर आम्ही प्रत्येकाला कारण विचारलं. एकालाही सांगता आलं नाही."

शोभनाकडे ती जागा अजून होती, कारण टाळी अजून कर्ण्यात गेली नव्हती. "माझा भाऊ चुकला होता," ती म्हणाली. "त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं बघून वाजवली."

"म्हणजे चूक आहे ही."

"हो."

"चुका करारात नाहीत. आम्हाला घेता येत नाही." मॅडमनी पेन्सिलीनं खूण केली. "ही तुमच्याकडेच ठेवा. पुढचं म्हणा."

शोभनानं हात मांडीवर घेतले आणि उरलेलं म्हटलं. त्यात ते नाट्यगृह गेलं, आणि ऐटीत मागं वळून बघणारं तोंड गेलं. शेवटी तिला पावती मिळाली. मिळालं: एक गाणं, संपूर्ण, आठवणींसह. परत दिली: एक टाळी.

बाहेर अभय उठून उभा राहिला. "अक्का?"

"जा आत," शोभना म्हणाली. "काही दुखत नाही."

तीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, कंपनीनं त्याच मंगल कार्यालयात नव्या टाकीचं आणि नव्या गाण्याचं अनावरण ठेवलं. चाहते मंडळाला आमंत्रण होतं. गाणं म्हणायला कंपनीनं 'धोटा'लाच बोलावलं होतं. पोरांनी ते कागदावरून पंधरा दिवसांत नवीन शिकून घेतलं होतं. दत्ता गोदामावरून सायकलनं आला. उजवा कान शाबूत राहिला, असं तो भेटेल त्याला सांगत होता आणि लोक त्याला पेढे देत होते. शोभनालाही बरं वाटलं. आपल्याला एवढं का बरं वाटावं, हे मात्र तिला कळलं नाही.

गाणं सुरू झालं. बापूंनी मान डोलावली. "नवीन आहे, पण चाल बरी बांधलीय."

'पहिली टाकी घरासाठी, दुसरी टाकी कुणासाठी?' अभयनं विचारलं आणि वाद्यं थांबली. दत्ता काठ्यांनी हवेत मोजू लागला. एक. दोन. तिसऱ्याला काठी जरा जास्त वर गेली, आणि मंगल कार्यालयातल्या चारशे बारा जणांनी टाळी दिली.

स्टेजवरच्या कंपनीच्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली. लोक एकमेकांकडे बघून ओशाळं हसले.

"सगळेच कसे एकदम चुकलो?" बापू म्हणाले.

"पहिल्यांदा ऐकतोय. होतं असं," शब्बीर म्हणाला.

"चुकला कशानं?" शोभना एकदम तोडून बोलली. "त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं बघून वाजवली."

दोघंही तिच्याकडे वळले. "कुणी, अक्का?"

शोभनानं आठवून बघितलं. घरी भिंतीवर एक फोटो होता, त्याला ती रोज सकाळी फूल वाहायची. त्यापलीकडे काही सापडलं नाही. "माहीत नाही," ती म्हणाली.

पुढं स्पीकरपाशी एका माणसापुरती जागा मोकळी होती. गर्दी एवढी दाटलेली, तरी तिथं कुणी उभं राहिलं नव्हतं. तीच ओळ पुन्हा आली तसं शोभनानं हात तयार ठेवले. तिसऱ्या ठोक्याला तिनं टाळी दिली, सगळ्यांत मोठ्यानं दिली, आणि तिथून कुणीतरी मागं वळून बघेल म्हणून ती त्या जागेकडे बघत राहिली.