कोंडाआत्याचं धुराडं

सरकारनं बिनधुराची चूल काढली आणि निरवांगीच्या कोंडाआत्यानं त्याच चुलीतून साऱ्या गावात मिळून निघणार नाही एवढा धूर काढून दाखवला. रोज दिवस कलताना तिच्या धुराड्यातून पांढराफेक लोट निघायचा. नवखा माणूस पाण्याची बादली घेऊन धावत यायचा. आत्या त्याला ओट्यावर बसवून तेच पाणी त्याला प्यायला द्यायची.

मी तेव्हा तिथं ग्रामसेवक होतो. बी.ए. झालेला. हे मुद्दाम सांगतो, कारण मोरगावच्या आमच्या घराण्यात माझ्याआधी सगळ्यांची सही म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकलो आणि सरकारनं माझ्या हाती चुली दिल्या. आत्या मला ‘चूलमास्तर’ म्हणायची. गावानंही तेच नाव उचललं.

चुलीचा नकाशा वरून आला होता. ज्यानं तो काढला त्यानं जन्मात भाकरी थापली नसावी. चुलीचं तोंड लहान, आमच्याकडचा तवा मोठा. भाकरी मधे करपायची आणि कडेला कच्ची राहायची. शिवाय बाया म्हणायच्या, घरातला धूर गेला तर आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागेल. मी हे सगळं वर कळवलं. वरून उत्तर आलं, ‘लोकांना योजनेचं महत्त्व पटवून द्यावं.’ मी पटवत राहिलो, बाया माना हलवत राहिल्या. चुली बसल्या, कागदावर गावातला धूर संपला आणि चुलींत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

चूल मागून घेणारी एकटी कोंडाआत्याच. तिचा पहिला प्रश्न होता, “धुराडं किती उंच हुतंया?”

“तीन नळ्यांचं. छपराच्या वर हातभर.”

“मग चार लावा की.”

“नकाशात तीनच आहेत, आत्या.”

“नकाशा काय आभाळाला टेकलाय व्हय? लांबून दिसलं पायजे बगा, मास्तर.”

‘लांबून दिसलं पायजे’ हे तिचं पालुपद. मी वसुलीला जावो नाही तर लसटोचणीला, ती वाट अडवून चौथी नळी मागायची. भाकऱ्या ती अंगणात आपल्या जुन्या तीन दगडांवर भाजायची. सरकारी चूल फक्त धुरासाठी. त्यात शेणी आणि वर लिंबाचा ओला पाला. घरात पीठ नसलं तरी चूल पेटायची. शेजारीण म्हणायची, “आत्याबाई, शिजतंय तरी काय?” आत्या म्हणायची, “धूर शिजतोय. येतीस का जेवाय?”

एकदा इंदापूरहून ब्लॉकचे साहेब आले. निरवांगीत एक तरी चूल पेटती आहे, म्हणून मी त्यांना मोठ्या दिमाखात तिच्याकडं नेलं. आत्याला सुचलं की साहेबांसमोर काम जोरात दिसावं. तिनं भाराभर पाला चुलीत कोंबला. साहेब जीपमधून उतरले, वर बघितलं आणि टोपी काढून तोंडावर धरली.

“ही बिनधुराची चूल?”

“घरात हाय का धूर?” आत्या म्हणाली. “आत येऊन बगा, सायेब. समदा वर गेलाय. वर तर पायजेच की!”

“पण शिजवताय काय?”

“काय न्हाय.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते मलाही आठवेना. ‘सरकारी साहित्याचा गैरवापर,’ त्यांनी जागच्या जागी ठरवलं. ही चूल उखडायची आणि नळ्या कळस गावाला पाठवायच्या.

हुकूम घेऊन मी दुसऱ्या दिवशी गेलो. आत्या भांडेल, शिव्या देईल, अशी मनाची तयारी केली होती. ती धुराड्याला हात लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “मास्तर, माझा बिरू यायचा हाय वो.”

बिरू तिचा एकुलता एक लेक. पाटाचं पाणी आलं तेव्हा बापानं ठरवलं, मेंढरं विकायची आणि ऊस लावायचा. पोरगा म्हणाला, मेंढरं न्हाय तर मीबी न्हाय. आपल्या वाटणीची मेंढरं हाकत तो कोकणाकडं गेला, तो परतलाच नाही. त्यानंतर बाप वारला. माळाखालचं जुनं घर पडलं. आत्या पाटाच्या कडेला या नव्या जागेत आली.

“येईल की. गावात कुणालाही विचारील,” मी म्हणालो.

“इचारनारा न्हाय त्यो. बापावर गेलाय. गुमान माळावर हुबा ऱ्हाईल, पडकं घर बगंल, म्हनंल आय बी गेली. आन तसाच माघारी फिरंल.” तिनं पदरानं नळीवरची काजळी पुसली. “त्यो ल्हान असताना चिलटांसाठनं मी लिंबाचा धूर करायची. लांबनं बगून वरडायचा, आयनं चूल पेटवली. तेवडं दिसलं तर बास. आय हाय, एवडं कळंल.”

मी चूल उखडली नाही. ‘काढताना मोडली’ असं कळवलं. आमच्या कचेरीत चालू चुलीवर दहा शंका निघत. मोडक्या चुलीवर एकही निघाली नाही.

पुढच्या बाजारी इंदापूरच्या कुंभाराकडून मी एक नळी आणली. एस.टी.त ती मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, “मास्तर, लेकराचं अर्धं तिकीट फाडू का?” गाडीभर हशा पिकला.

छपरावर चढून मी नळी बसवली. आत्यानं चूल पेटवली आणि मला म्हणाली, “वाईच माळावर जाऊन बगा. दिसतं का तेवडं सांगा.”

मी गेलो. ऊन उतरलं होतं. गावातल्या घरांच्या कौलांतून धूर इकडंतिकडं पाझरत होता. त्यात पाटाच्या कडेची एक पांढरी रेघ सरळ वर गेली होती. स्पष्ट दिसत होती.

सांगावं म्हणून हात वर केला, तेवढ्यात आत्या अंगणात आलेली दिसली. माझ्या पाठीमागं सूर्य होता. तिथून तिला माझा चेहरा दिसणार नव्हता, नुसता माळावर उभा असलेला कुणीतरी माणूस. तिनंच मला पाठवलं होतं. वर कोण आहे ते तिला ठाऊक होतं. तरी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळ्यांवर हात धरला आणि माझ्याकडं बघत तशीच उभी राहिली.

मी हात खाली घेतला. अंधार पडेपर्यंत जागचा हललो नाही.